ऑलिंपस: व्हल्कन बॉम्बरच्या इंजिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिंपस म्हणजे नेमकं कुठलं इंजिन?

ब्रिटनमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस अण्वस्त्रवाहू बॉम्बरसाठी आखलेलं टर्बोजेट इंजिन. ते ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीच्या इंजिन विभागानं फिल्टनजवळच्या पॅचवे इथं घडवलं. त्रिकोणी पंखांच्या ॲव्ह्रो व्हल्कनमध्ये अशी चार इंजिनं बसत. 1950 साली चाचणीच्या ओट्यावर त्यानं सुमारे 10,000 पाउंड थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, दिला. पुढे व्हल्कनमध्येच तो 20,000 पाउंडांवर गेला, टीएसआर-2 या हल्ला विमानात आफ्टरबर्नरसह (मागच्या झोतात जादा इंधन जाळून) 30,000 च्या वर आणि कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानात 38,000 च्या वर. मूळ आराखड्यात वाढीला इतकी जागा असलेली इंजिनं फार थोडी सापडतात. या पानावरची बहुतेक उत्तरं या ना त्या वाटेनं तिथंच येतात.

मग लोक त्याला रोल्स-रॉइस ऑलिंपस का म्हणतात?

कंपन्यांच्या विलीनीकरणामुळे. 1959 मध्ये ब्रिस्टलचा इंजिन विभाग आर्मस्ट्राँग सिडलीशी जोडला गेला आणि ब्रिस्टल सिडली ही कंपनी झाली. 1966 मध्ये ती रोल्स-रॉइसनं विकत घेतली. त्यामुळे एकाच इंजिनाला जुन्या कागदपत्रांत तीन आडनावं दिसतात. गंमत म्हणजे या इंजिनाला सर्वांत कडवी स्पर्धा केली ती रोल्स-रॉइसनंच. ते पुढे येईलच.

मुळात बॉम्बरसाठी नवीन इंजिनाची गरज का पडली? आधीची जेट इंजिनं होतीच की.

होती, पण ती लढाऊ विमानांसाठी. लढाऊ विमान तासाभरात परत येतं. बॉम्बरला दूर जायचं, जड ओझं न्यायचं, उंचावरून जायचं आणि परतही यायचं. ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या बी.35/46 या मागणीपत्रात अपेक्षा अशी होती: 10,000 पाउंडांचा बॉम्ब घेऊन 1,500 सागरी मैल दूरच्या लक्ष्यापर्यंत जायचं, वेग 500 नॉट्स, उंची 50,000 फुटांच्या आसपास. त्या काळच्या जेट इंजिनांचा इंधनाचा खप बघितला तर हे गणित बसत नव्हतं. विमानाच्या पोटात बॉम्बपेक्षा रॉकेलच जास्त भरावं लागलं असतं.

खप कमी करायचा तर हवा जास्त दाबून मग तिच्यात इंधन जाळायचं, हा मूलभूत नियम आहे. जेवढा दाब जास्त, तेवढी त्याच इंधनातून जास्त ताकद निघते. जर्मनीच्या युंकर्स 004 मध्ये हवा साधारण तिपटीनं दाबली जायची. ब्रिस्टलच्या मंडळींनी आपल्या नव्या इंजिनासाठी नऊपट दाबाचं लक्ष्य ठेवलं. कागदावर आकडा लिहिणं सोपं होतं. अडचण पुढे होती.

अडचण कसली? कंप्रेसरला जास्त चकत्या लावल्या की झालं ना?

इथं जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण ऑलिंपसचा सगळा जीव या एका मुद्द्यात आहे.

कंप्रेसर म्हणजे इंजिनातला हवा दाबणारा भाग. अक्षीय कंप्रेसरमध्ये, म्हणजे हवा सरळ मागे नेणाऱ्या प्रकारात, पात्यांच्या चकत्या एकामागोमाग एक असतात. प्रत्येक चकती हवा थोडीथोडी दाबते. दाबलेली हवा कमी जागा घेते, म्हणून मागच्या चकत्यांची वाट अरुंद ठेवलेली असते. इंजिन पूर्ण वेगानं फिरत असताना हे झकास चालतं. पण इंजिन सुरू करताना किंवा वेग कमी असताना पुढच्या चकत्या हवा पुरेशी दाबतच नाहीत. मग ती फुगीर हवा मागच्या अरुंद वाटेत मावत नाही आणि मागे तुंबते. अरुंद पुलावर वाहनं अडकली की मागची रांग लांबत जाते, तसंच. पुढच्या चकत्यांच्या पात्यांवर हवा वेडीवाकडी येते, पाती स्टॉल होतात, म्हणजे त्यांची हवेवरची पकड सुटते, आणि एका क्षणी आतली दाबलेली हवा उलटी, तोंडाकडे धडकते. यालाच सर्ज म्हणतात. तोफेसारखा आवाज होतो, इंजिन हादरतं, पाती तुटू शकतात. दाबाचं गुणोत्तर जितकं मोठं, तितका हा धोका मोठा.

यावर तेव्हा तीन उपाय सुचले होते. मधूनच थोडी हवा बाहेर सोडून द्यायची, हा एक. स्थिर पात्यांचा कोन बदलता ठेवायचा, हा दुसरा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं पुढे जे-79 मध्ये तो वापरला. तिसरा उपाय ब्रिस्टलनं निवडला: कंप्रेसरचे दोन तुकडे करायचे, प्रत्येकाला स्वतःचा टर्बाइन (गरम वायूंच्या रेट्यानं फिरणारी पात्यांची चकती) आणि स्वतःचा शाफ्ट (दोघांना जोडणारा दांडा) द्यायचा. एका पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा जातो. कमी दाबाचा भाग त्याच्या वेगानं, जास्त दाबाचा भाग त्याच्या वेगानं. इंजिन सुरू होताना मागचा, जास्त दाबाचा भाग तुलनेनं जोरात फिरून हवा ओढून घेतो, पुढचा सावकाश राहतो आणि तुंबण्याचा प्रश्न बराच सुटतो.

पहिल्या ऑलिंपसमध्ये कमी दाबाच्या कंप्रेसरला सहा टप्पे आणि जास्त दाबाच्या कंप्रेसरला आठ टप्पे होते. दोघांनाही फिरवायला प्रत्येकी एकच टर्बाइन चकती. ज्वलनासाठी एका कड्यात दहा नळ्या, एकमेकींना जोडलेल्या.

दोन शाफ्टची कल्पना जगात पहिल्यांदा ब्रिस्टलचीच का?

अक्षीय टर्बोजेटमध्ये हा मान थोड्या फरकानं अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीकडे जातो. त्यांचं जे-57 जानेवारी 1950 मध्ये चाललं, ऑलिंपस मे 1950 मध्ये. जे-57 हे बी-52 या अमेरिकी बॉम्बरचं इंजिन. दोन देशांत, दोन वेगळ्या कंपन्यांत, लांब पल्ल्याच्या बॉम्बरच्या गरजेतून जवळजवळ एकाच वेळी तेच उत्तर निघालं. मला तरी यात पहिलं कोण यापेक्षा ही गोष्टच जास्त रंजक वाटते.

पहिल्या चाचणीची गोष्ट खरी आहे का?

स्टॅन्ली हूकरची? हो, आणि ती सांगण्यासारखी आहे.

हूकर मूळचे रोल्स-रॉइसचे. दुसऱ्या महायुद्धात मर्लिन इंजिनाचे सुपरचार्जर सुधारून त्यांनी नाव कमावलं होतं. तिथं वरिष्ठांशी बिनसलं आणि जानेवारी 1949 मध्ये ते ब्रिस्टलला आले. ब्रिस्टल तोवर पिस्टन इंजिनांत मातब्बर होती, पण जेटमध्ये चाचपडत होती. ऑलिंपसचा आराखडा हूकर येण्याआधीच तयार झाला होता. त्याला रुळावर आणलं त्यांनी.

16 मे 1950. इंजिन पहिल्यांदा चालवायचं होतं. नव्या इंजिनाच्या बाबतीत रीत अशी, की सुरू करायचं, मंद वेगावर ठेवायचं, तापमानं बघायची, बंद करायचं, उघडून तपासायचं आणि मग दिवसेंदिवस थोडाथोडा वेग वाढवायचा. हूकरनी इंजिन सुरू झाल्यावर थ्रॉटल एका झटक्यात शेवटपर्यंत ढकलला. सर्जची भीती असते ती नेमकी अशाच वेळी. इंजिन कुरकुर न करता पूर्ण वेगाला गेलं आणि थ्रस्टच्या काट्यानं 10,000 पाउंड दाखवले. आराखड्यातलं लक्ष्य 9,000 पाउंडांच्या आसपासचं होतं.

याला धाडस म्हणायचं की बेदरकारपणा, हे प्रत्येकानं ठरवावं. एवढं मात्र खरं, की दोन शाफ्टच्या आराखड्याची खरी कसोटी त्या एका झटक्यातच लागणार होती. हळूहळू वाढवून ती कळली नसती.

व्हल्कनचं पहिलं उड्डाण ऑलिंपसवर झालं नाही, हे कसं काय?

इंजिन विमानाआधी तयार व्हावं अशी सगळ्यांची इच्छा असते आणि तसं क्वचितच होतं. व्हल्कनचा पहिला नमुना व्हीएक्स 770 हा 30 ऑगस्ट 1952 रोजी उडाला तो रोल्स-रॉइसच्या चार ॲव्हन इंजिनांवर. प्रत्येकी 6,500 पाउंड, म्हणजे एवढ्या मोठ्या विमानाला तशी अपुरीच. दुसरा नमुना व्हीएक्स 777 हा 3 सप्टेंबर 1953 ला उडाला, तेव्हा त्यात 9,750 पाउंडांची ऑलिंपस 100 मालिकेतली इंजिनं होती.

मग तोपर्यंत ऑलिंपसची हवेतली चाचणी कशावर झाली?

कॅनबेरावर. डब्ल्यूडी 952 क्रमांकाच्या कॅनबेरा बॉम्बरमधली ॲव्हन काढून दोन ऑलिंपस बसवली आणि ऑगस्ट 1952 मध्ये ते उडालं. कॅनबेरा हलकं विमान, त्याला हे इंजिन जरा जास्तच होतं. परिणाम असा झाला, की 4 मे 1953 रोजी ब्रिस्टलचे चाचणी वैमानिक वॉल्टर गिब यांनी ते 63,668 फुटांवर नेऊन उंचीचा जागतिक विक्रम केला. 29 ऑगस्ट 1955 ला त्याच विमानातून त्यांनी 65,876 फूट गाठले. म्हणजे 20 किलोमीटरच्या थोडं वर.

विक्रमाची बातमी झाली, पण इंजिनिअरांच्या कामाची गोष्ट वेगळी होती. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, ज्योत विझण्याची आणि सर्जची भीती सर्वांत जास्त असते. तिथं इंजिन शांतपणे चालत राहिलं, हे बॉम्बरच्या दृष्टीनं विक्रमापेक्षा मोलाचं होतं.

व्हल्कनच्या वेगवेगळ्या प्रकारांत इंजिनाची ताकद कशी वाढत गेली?

हवाई दलात 1956 पासून आलेल्या व्हल्कन बी.1 ला आधी 11,000 पाउंडांचं ऑलिंपस 101, मग 12,000 पाउंडांचं 102 आणि शेवटी 13,500 पाउंडांच्या आसपासचं 104. हे सगळे पहिल्या आराखड्याचेच सुधारलेले अवतार. 102 आणि 104 पुष्कळदा जुनीच इंजिनं मोठ्या दुरुस्तीच्या वेळी बदलून केलेली असत.

खरी उडी दुसऱ्या पिढीत. 1952 पासूनच ब्रिस्टलमध्ये 'ऑलिंपस 6' वर काम सुरू होतं. त्यात कंप्रेसरचे टप्पे वाढवले नाहीत, उलट कमी केले: सहाच्या जागी पाच, आठच्या जागी सात. ज्वलननळ्या दहाच्या आठ झाल्या. तरी आतून जाणारी हवा कितीतरी वाढली आणि इंजिनाचं आकारमान व वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. पात्यांची रचना सुधारली की काय होतं याचा हा नमुना. ही 200 मालिका व्हल्कन बी.2 मध्ये बसली. ऑलिंपस 201 चा थ्रस्ट 17,000 पाउंड. त्यानंतर कमी दाबाच्या कंप्रेसरच्या पुढे आणखी एक टप्पा जोडून 301 तयार झालं, 20,000 पाउंडांचं.

पहिल्या नमुन्यातल्या ॲव्हनच्या तिप्पट ताकद, तीही तशीच पंखांच्या मुळाशी लपलेल्या पोकळीत.

एवढी ताकद वाढवल्यावर विमानात काही बदल करावा लागला नाही?

बराच करावा लागला, आणि हा भाग सहसा सुटतो. व्हल्कनचा मूळ त्रिकोणी पंख अगदी सरळ कडेचा होता. ताकद वाढली की विमान उंचावर जास्त वेगानं जाऊ लागतं, आणि तिथं वळण घेताना पंखाच्या बाहेरच्या भागावरची हवा सुटून विमान थरथरू लागायचं. ही थरथर पंखाच्या टोकाकडच्या सांगाड्याला दमवून टाकणारी होती. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला मोड देऊन बाहेरचा भाग थोडा पुढे आणि खाली झुकवला. व्हीएक्स 777 ऑक्टोबर 1955 मध्ये या नव्या पंखानिशी उडालं. बी.2 ला तर पंखच नवा, मोठा आणि पातळ दिला. हवा आत घेणारी तोंडंही मोठी करावी लागली. इंजिन विमानाला खेचतं हे आपण नेहमी ऐकतो. इथं इंजिनानं विमानाचा आराखडासुद्धा खेचत नेला.

रोल्स-रॉइसशी स्पर्धा काय होती?

ब्रिटननं एकाच कामासाठी तीन बॉम्बर बांधले: व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन. तिन्ही व्ही अक्षरावरून, म्हणून त्यांना व्ही-बॉम्बर म्हणायचे. व्हॅलियंटला ॲव्हन, पहिल्या व्हिक्टरला आर्मस्ट्राँग सिडलीचं सफायर, व्हल्कनला ऑलिंपस. युद्धातून नुकत्या सावरलेल्या देशाच्या तिजोरीला हे परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या पिढीच्या वेळी व्हिक्टर बी.2 साठी रोल्स-रॉइसचं कॉनवे ठरलं. मग व्हल्कन बी.2 लाही तेच का नको, असा जोर रोल्स-रॉइसनं लावला. एकच इंजिन, एकच सुट्या भागांचा साठा, एकच प्रशिक्षण. हिशेबाच्या दृष्टीनं हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. ब्रिस्टलनं त्यावर असं उत्तर दिलं, की विकासाचा उरलेला खर्च आम्ही आमच्या खिशातून करतो आणि किंमत सरकारी पैशावर वाढलेल्या कॉनवेएवढीच लावतो. व्यवहार म्हणून बघितलं तर हा जुगारच होता. पण तो जमला नसता तर 200 मालिका संपली असती आणि पुढचं कॉन्कॉर्डचं इंजिन ज्या पायावर उभं राहिलं तो पायाच राहिला नसता. माझ्या मते ऑलिंपसच्या इतिहासातला सर्वांत निर्णायक क्षण हाच, पहिली चाचणी नव्हे.

अमेरिकेतही हे इंजिन बनणार होतं ना?

हो. कर्टिस-राइट कंपनीनं परवाना घेतला होता आणि जे-67 नावानं ते बनवायचा घाट घातला होता. एक्सएफ-103 या अतिवेगवान लढाऊ विमानाच्या योजनेत ते होतं. इंजिन रखडलं, 1957 मध्ये विमानही रद्द झालं. विषय संपला.

व्हल्कनचं इंजिन पटकन सुरू व्हायचं म्हणतात. ते किती खरं?

बी.2 च्या बाबतीत पूर्ण खरं. सोव्हिएत क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा मिळाल्यापासून ब्रिटनच्या हातात जेमतेम चार मिनिटं असतील, असं शीतयुद्धाचं गणित होतं. बॉम्बर जमिनीवरच सापडले तर त्यांचा उपयोग शून्य. म्हणून कर्मचारी विमानाच्या शेजारी, विमानं धावपट्टीच्या टोकाशी लावून ठेवलेल्या जागांवर, आणि इंजिनं एकाच वेळी सुरू होतील अशी व्यवस्था.

नेहमीच्या पद्धतीत एक इंजिन सुरू करायचं, मग त्याच्या मदतीनं दुसरं, मग तिसरं. इथं मोठ्या दाबाखाली साठवलेली हवा वापरून चारही इंजिनांना एकदम गती दिली जायची. वैमानिक आत चढेपर्यंत चारही काटे वर जात असत आणि विमान सरकायला लागलेलं असे. चार व्हल्कन एकामागोमाग दोन मिनिटांच्या आत हवेत, अशी प्रात्यक्षिकं हवाई प्रदर्शनांत लोकांनी डोळ्यांनी बघितली आहेत. आणि इथंही दोन शाफ्टचा फायदा दिसतो: थंड इंजिनाला भराभर वेग दिला तरी सर्जची भीती कमी राहते.

तो प्रसिद्ध आवाज कशामुळे?

व्हल्कनचा 'हाउल', म्हणजे तो हुंकार, इंजिनाचा कमी आणि हवा आत घेणाऱ्या तोंडांचा जास्त आहे. इंजिन साधारण 90 टक्के ताकदीच्या आसपास असताना आत जाणारी हवा तोंडाच्या पोकळीत घुमते आणि हुंकारासारखा आवाज येतो. ताकद त्याच्या वर नेली की तो नाहीसा होतो आणि उरतो नुसता गडगडाट. लोकांना मात्र आठवतो तो हुंकारच.

या इंजिनाच्या विकासात अपघात झाले का?

झाले. सर्वांत धक्कादायक 3 डिसेंबर 1962 चा, फिल्टनमधला.

टीएसआर-2 या आवाजापेक्षा वेगवान हल्ला विमानासाठी आफ्टरबर्नर जोडलेलं ऑलिंपस तयार होत होतं. त्याची चाचणी एक्सए 894 या व्हल्कनच्या पोटाखाली पाचवं इंजिन म्हणून बसवून चालू होती. त्या दिवशी विमान जमिनीवरच होतं आणि इंजिन पूर्ण ताकदीवर चालवत होते. कमी दाबाचा शाफ्ट तुटला. शाफ्ट तुटला की टर्बाइनला कंप्रेसरचं ओझं राहत नाही आणि मागून ज्वलनवायूचा रेटा तर चालूच असतो, त्यामुळे चकती काही क्षणांत बेफाम वेग घेते. ती इंजिन फोडून बाहेर पडली आणि तिनं इंधनाच्या टाक्या फाडल्या. विमान जळून खाक झालं. जवळच एक नवीकोरी अग्निशमन गाडी उभी होती, तीही आगीत गेली. माणसं वाचली.

शाफ्टचा हा दोष टीएसआर-2 च्या पहिल्या उड्डाणावरही सावट धरून होता. रोलंड बीमाँट यांनी 27 सप्टेंबर 1964 रोजी बॉसकोम डाउनहून ते उड्डाण केलं, इंजिनांचा धोका माहीत असताना. पुढचं उड्डाण 31 डिसेंबरला झालं. 6 एप्रिल 1965 रोजी सरकारनं विमानच रद्द केलं. इंजिन तोवर 30,610 पाउंडांपर्यंत पोचलं होतं.

बॉम्बरच्या इंजिनाचं प्रवासी विमानात काय काम? कॉन्कॉर्डशी नातं कसं जुळलं?

टीएसआर-2 साठी केलेल्या कामातूनच. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या विमानाला लागणारं, आफ्टरबर्नर असलेलं आणि मोठ्या तापमानाला टिकणारं इंजिन ब्रिस्टल सिडलीकडे बरंचसं तयार होतं. फ्रान्सच्या स्नेक्मा कंपनीबरोबर त्याचं ऑलिंपस 593 झालं. स्नेक्माकडे मागचा भाग, म्हणजे आफ्टरबर्नर आणि नोझल. ब्रिटनकडे मुख्य इंजिन.

फरक मात्र मोठा होता. बॉम्बर आवाजाच्या खालच्या वेगानं उडायचा. लढाऊ विमानं आवाजाच्या पुढे जातात ती काही मिनिटांसाठी. कॉन्कॉर्डला दोन मॅकवर, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगानं, दोन-अडीच तास, रोज, शंभरेक प्रवासी घेऊन जायचं होतं. त्या वेगाला बाहेरची उणे तापमानाची हवासुद्धा इंजिनाच्या तोंडाशी येईतो उकळत्या पाण्याहून गरम होते. कंप्रेसरच्या शेवटच्या टप्प्यांत ती इतकी तापते, की टर्बाइनसाठी वापरतात तशा निकेलच्या मिश्रधातूंशिवाय गत्यंतर राहत नाही. बाहेरून नाव तेच राहिलं तरी आतला कितीतरी भाग नवा होता.

चाचणीसाठी परत व्हल्कनच पुढे आला. एक्सए 903 च्या पोटाखाली कॉन्कॉर्डच्या इंजिनघराचा अर्धा भाग लटकवून त्यात 593 बसवलं आणि 9 सप्टेंबर 1966 ला ते उडालं. कॉन्कॉर्ड स्वतः 2 मार्च 1969 ला उडालं. प्रवासी सेवेतल्या इंजिनाचा थ्रस्ट आफ्टरबर्नरसह 38,050 पाउंड.

ऑलिंपसवाल्या व्हल्कननं प्रत्यक्ष युद्धात बॉम्ब टाकले का?

एकाच युद्धात, अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या, आणि तेही निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना. अणुबॉम्ब नव्हेत, साधे. 30 एप्रिल 1982 च्या रात्री असेन्शन बेटावरून निघालेलं एक्सएम 607 हे विमान फ्लाइट लेफ्टनंट मार्टिन विदर्स यांच्या हाती होतं. 1 मेच्या पहाटे त्यानं पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर 1,000 पाउंडांचे 21 बॉम्ब टाकले. जाऊन-येऊन सुमारे 16 तास. वाटेत इंधन द्यायला व्हिक्टर टँकरांची आख्खी फौज लागली, त्यातले काही टँकर तर दुसऱ्या टँकरांना इंधन देण्यासाठीच.

या मोहिमेसाठी विमानं निवडताना 301 इंजिनं असलेलीच घेतली. आयुष्य वाढावं म्हणून ही इंजिनं एरवी 18,000 पाउंडांवर मर्यादित ठेवलेली असत. ती मर्यादा काढून मूळ 20,000 परत दिले, कारण विमान नेहमीच्या कमाल वजनापेक्षा जड होऊन उष्ण हवेत उडणार होतं. धावपट्टीवर पडलेल्या एका बॉम्बसाठी एवढा आटापिटा योग्य होता का, हा वाद अजून चालू आहे. इंजिनांनी मात्र सोळा तासांत तक्रारीला जागा ठेवली नाही.

त्याच युद्धात ऑलिंपस समुद्रावरही होतं, हे फार जणांना माहीत नसतं.

समुद्रावर? जहाजात जेट इंजिन?

जेटचा झोत मागे सोडण्याऐवजी त्याच्या वाटेत आणखी एक टर्बाइन ठेवला, की त्याच्या दांड्यावर जहाजाचा पंखा किंवा विजेचा जनित्र फिरवता येतो. ऑलिंपसच्या अशा आवृत्त्या रॉयल नेव्हीच्या टाइप 42 विनाशिकांत आणि इन्व्हिन्सिबल वर्गाच्या विमानवाहू जहाजांत होत्या. इन्व्हिन्सिबलमध्ये चार. त्याआधी 1962 मध्येच ब्रिटनच्या वीज मंडळानं हॅम्स हॉल इथं ऑलिंपसवर चालणारा संच बसवला होता. विजेची मागणी अचानक वाढली की बॉयलर तापेपर्यंत थांबायला नको, काही मिनिटांत वीज तयार. बॉम्बर झटकन उडवण्यासाठी लागणारा गुण इथंही कामी आला.

ब्रिस्टलच्या या काळातल्या कामाचा भारताशी काही संबंध?

ऑलिंपसचा थेट नाही. पण हूकर यांच्याच हाताखाली बनलेलं ऑर्फियस हे छोटं, साधं जेट इंजिन बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्यावर तयार होत असे. नॅट आणि मारुत या दोन्ही विमानांत तेच होतं.

व्हल्कन कधी निवृत्त झाला?

बॉम्बर म्हणून 1982 च्या अखेरीस. काही विमानं टँकर करून मार्च 1984 पर्यंत चालवली.

2007 नंतर एक व्हल्कन पुन्हा उडत होता. मग तो का थांबला?

एक्सएच 558. लोकवर्गणीतून दुरुस्त होऊन 18 ऑक्टोबर 2007 ला ते परत उडालं आणि 28 ऑक्टोबर 2015 ला शेवटचं. यातली एक मोठी मर्यादा इंजिनांची होती. ही इंजिनं दशकांपूर्वीच बनायची थांबली होती. हाती होती ती काही न वापरलेली, साठवून ठेवलेली इंजिनं, आणि प्रत्येकाचं आयुष्य मोजून दिलेलं. म्हणून वैमानिक प्रदर्शनात थ्रॉटल जपून वापरत.

अशात मे 2012 मध्ये डॉनकास्टरच्या विमानतळावर एक विचित्र प्रकार घडला. इंजिनात दमटपणा राहू नये म्हणून सिलिका जेलच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. त्यातल्या पिशव्या आत राहून गेल्या आणि उड्डाणासाठी ताकद वाढवताना एका इंजिनानं त्या गिळल्या. त्याचे तुटलेले तुकडे शेजारच्या इंजिनात गेले आणि डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं निकामी झाली. त्यानंतर हातात असलेल्या शेवटच्या इंजिनांवरच विमान उडत राहिलं. 2015 मध्ये तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पाठिंबा थांबवला आणि त्याशिवाय उड्डाणाचा परवाना मिळत नाही.

आज ऑलिंपस चालताना ऐकायचं असेल तर?

हवेत आता नाही. जमिनीवर धावणारे व्हल्कन अजून आहेत. वेल्सबोर्नचं एक्सएम 655 आणि साउथएंडचं एक्सएल 426 ही दोन विमानं स्वयंसेवकांनी चालू स्थितीत ठेवली आहेत. फॉकलंडवर गेलेलं एक्सएम 607 वॉडिंग्टनच्या तळावर उभं आहे, पण त्याची इंजिनं चालत नाहीत. चालू विमान बघायला जाणार असाल तर इंजिनं कोणत्या दिवशी चालवणार हे आधी विचारून घ्या, कारण इंजिनं वर्षातून मोजक्याच वेळा सुरू करतात. आणि कानात घालायला बोळे सोबत ठेवा.